वाचकांचे प्रश्न : प्रवाळांच्या टाकीवरचा जुना घरगुती एलईडी दिवा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. सुटे एलईडी, ॲल्युमिनियमचा हीटसिंक (एलईडींची उष्णता ओढून बाहेर सोडणारा धातूचा भाग) आणि तयार ड्रायव्हर (एलईडींना ठरावीक धारा पुरवणारे उपकरण) आणून ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या समुद्री टाकीसाठी स्वतःच्या हाताने दिवा बनवला, त्यांचे ते दिवे आता उतरणीला लागले आहेत, आणि ते दुरुस्त करावेत, वाढवावेत की मोडीत काढावेत, असा प्रश्न या वाचकांपुढे आहे. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. एका पत्राचे उत्तर सविस्तर दिले असून बाकीच्या पत्रांतील वेगळे मुद्दे त्यापाठोपाठ घेतले आहेत.

प्रश्न : माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच आहे. तिच्यावरच्या दिव्यात २४ कूल व्हाइट (निळसर पांढरे) आणि २४ रॉयल ब्लू (गडद निळे) असे तीन वॉटचे ४८ एलईडी आहेत. प्रत्येकी १२ एलईडींच्या चार एकसर माळा असून प्रत्येक माळेला ७०० मिलीअँपिअरचा स्वतंत्र ड्रायव्हर आहे. मऊ प्रवाळांना हा दिवा वर्षानुवर्षे पुरला. अलीकडे आणलेले मॉन्टिपोरा आणि अ‍ॅक्रोपोरा हे कठीण प्रवाळ मात्र तपकिरी पडत चालले आहेत आणि त्यांची वाढ जवळजवळ थांबली आहे. एक माळ अधूनमधून लुकलुकते. सगळे एलईडी काढून त्याच हीटसिंकवर अधिक शक्तीचे नवे एलईडी लावण्याचा विचार आहे. जुने ड्रायव्हर चालतील का, आणि एकूण किती एलईडी लागतील?

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच एक गोष्ट लक्षात येते. ७०० मिलीअँपिअर धारेला निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीवरचे विभवांतर साधारण ३.२ व्होल्ट असते. म्हणजे नावाला तीन वॉटचा असलेला एलईडी प्रत्यक्षात सव्वादोन वॉटच्या आसपास वीज घेतो आणि तुमचे ४८ एलईडी मिळून सुमारे १०७ वॉट घेतात. पाण्याचा पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर आहे. एवढ्या पृष्ठभागावर एवढ्या शक्तीचा प्रकाश नीट पोहोचत असेल, तर टाकीच्या निदान वरच्या भागात अ‍ॅक्रोपोरा वाढायला हरकत नसावी. तेव्हा एलईडी कमी पडतात असे धरून खरेदीला लागण्याआधी, असलेला प्रकाश वाटेत कुठे हरवतो आहे ते शोधा. जुन्या घरगुती दिव्यांच्या बाबतीत सर्वाधिक पैसा याच घाईत वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी मोजमापाला पर्याय नाही. प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहणारे झूझॅन्थेली हे सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देते. त्या शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश पीएआर या मापाने मोजतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडले, हे ते माप मायक्रोमोलमध्ये सांगते. लक्स मीटर किंवा फोनवरचे ॲप इथे उपयोगाचे नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहे. डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक असते आणि रॉयल ब्लू एलईडीच्या ४५० नॅनोमीटरला ती त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी उरते. प्रवाळाला जो प्रकाश सर्वात जास्त उपयोगी, नेमका तोच लक्स मीटर जवळजवळ मोजत नाही. म्हणून पाण्याखाली वापरता येणारा, निळ्या टोकापर्यंतचा पूर्ण वर्णपट मोजणारा पीएआर मीटर मिळवा. तो विकत घेण्याची गरज नाही, काही दिवसांसाठी भाड्याने किंवा दुसऱ्या छंदिष्टाकडून उसना मिळाला तरी पुरेसे आहे. टाकीच्या लांबीवर दर २० सेंटिमीटरला, वर, मध्यावर आणि तळाशी अशी मापे घेऊन ती कागदावर उतरवा. साधारण अंदाज असा : मऊ प्रवाळ आणि मश्रूम प्रवाळ यांना ५० ते १५०, मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) बहुतेक कठीण प्रवाळांना ८० ते १५०, आणि तुमच्या मॉन्टिपोरा-अ‍ॅक्रोपोरा यांना २०० ते ३५०.

पहिली मापे दिवा आहे तसाच ठेवून घ्या. मग लेन्स आणि खालची पारदर्शक काच किंवा अ‍ॅक्रिलिकचे आवरण कोमट गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा मोजा. उडालेल्या तुषारांतून बसलेला मिठाचा थर दिसायला अगदी पुसट असतो, पण तो बराच प्रकाश अडवतो. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, त्याने बारीक तडे जातात. आवरण पिवळट झाले असेल तर ते पुसून सुधारणार नाही; बदला, कारण पिवळे पडलेले प्लॅस्टिक सर्वात आधी निळा आणि जांभळा प्रकाशच गिळते. पाण्याचेही तसेच आहे. बरेच दिवस सक्रिय कार्बन वापरला नसेल तर पाण्यात पिवळसर सेंद्रिय द्रव्ये साठतात आणि निळा प्रकाश खाली पोहोचू देत नाहीत. या साफसफाईने तळाशी लक्षणीय फरक पडला, तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मात्र तेवढाच प्रकाश प्रवाळांवर एका दिवसात वाढला आहे हेही ओळखून दिवा लगेच तेवढा मंद करा.

एवढे करूनही प्रकाश कमी भरला, तर दिव्याच्या आत पाहावे लागेल. एलईडी सहसा एकाएकी मरत नाही, तो वर्षांगणिक मंद होत जातो, आणि किती वेगाने मंद होतो ते त्याच्या चिपच्या तापमानावर ठरते. दहा वर्षांत चिप जिच्यावर बसवलेली असते त्या छोट्या पट्टीखालची, उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळते, पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि मीठ चढते आणि तो निम्म्या वेगाने फिरू लागतो. चिप तापते, प्रकाश घटतो, आणि तापलेली चिप आणखी लवकर म्हातारी होते. लुकलुकणाऱ्या माळेचे कारण बहुधा एलईडी नसून एखादा गंजलेला सांधा किंवा ड्रायव्हरमधले सुकलेले कपॅसिटर असावे. दोन माळांचे ड्रायव्हर आपापसांत बदलून पाहा : लुकलुक ड्रायव्हरबरोबर गेली तर दोष ड्रायव्हरचा, माळेतच राहिली तर सांध्याचा किंवा एलईडीचा.

ही अदलाबदल करताना एक पथ्य कटाक्षाने पाळा. वीजपुरवठा पूर्ण बंद करून, काही मिनिटे थांबूनच तारा सोडा आणि जोडा. स्थिर धारेच्या ड्रायव्हरला माळ न जोडता चालू ठेवले की त्याच्या टोकांवरचे विभवांतर कमाल मर्यादेपर्यंत चढते, आणि त्या अवस्थेत माळ जोडली तर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज क्षणात एलईडीत उतरते. चांगले एलईडी याच कारणाने पहिल्याच दिवशी जळतात.

आता रंगांकडे वळू, कारण तुमच्या दिव्याची खरी उणीव तिथे आहे. २०१० च्या आसपास घरगुती दिवे बनवताना निम्मे कूल व्हाइट आणि निम्मे रॉयल ब्लू हे प्रमाण रूढ होते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. त्यामुळे त्याच्या वर्णपटात ४५० ला एक उंच शिखर, ४८० च्या आसपास एक दरी आणि पुढे पिवळ्या भागात पसरट उंचवटा असतो. ४३० च्या खाली जवळजवळ काहीच नसते. तुमचे २४ पांढरे आणि २४ निळे एलईडी मिळून एकाच अरुंद निळ्या पट्ट्यावर भर देतात. झूझॅन्थेलीमध्ये मात्र हरितद्रव्य ए, हरितद्रव्य सी-२ आणि पेरिडिनिन अशी निरनिराळी रंगद्रव्ये असतात आणि ती मिळून ४०० पासून ५०० च्या पुढपर्यंतचा पट्टा वापरतात. समुद्रात पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि खोलवर प्रामुख्याने निळा प्रकाश पोहोचतो. ही रंगद्रव्ये त्या प्रकाशाशी जुळलेली आहेत.

म्हणून संख्या ४८ च ठेवा आणि वाटणी बदला. माझी सूचना अशी : एक माळ १२ न्यूट्रल व्हाइटची (कूल व्हाइटपेक्षा कमी निळसर पांढऱ्या एलईडींची), दोन माळा प्रत्येकी १० रॉयल ब्लू आणि ४७० ते ४८० नॅनोमीटरच्या २ निळ्या एलईडींच्या, आणि चौथी माळ ४१५ ते ४२५ नॅनोमीटरच्या ८ जांभळ्या आणि ४ निळ्या एलईडींची. पांढरे एलईडी २४ वरून १२ वर आल्याने टाकी डोळ्याला किंचित काळोखी वाटेल, पण पांढऱ्याची आजची कार्यक्षमता जुन्यापेक्षा बरीच जास्त असल्याने तुम्हाला वाटते तेवढा फरक पडणार नाही. जांभळ्या एलईडींचा उपयोग प्रवाळातील चमकणारी प्रथिने खुलून दिसण्यासाठीही होतो, मात्र बऱ्याच जांभळ्या एलईडींची धारेची मर्यादा कमी असते. एकसर माळेत सगळ्यांतून एकच धारा वाहते, तेव्हा त्या माळेची मर्यादा तिच्यातल्या सर्वात नाजूक एलईडीने ठरते. चौथ्या माळेला ५०० मिलीअँपिअरचा ड्रायव्हर लावा. तांबडे एलईडी घालण्याचा मोह काही वाचकांना होतो, कारण वनस्पतींच्या दिव्यांत ते असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळाचे तुकडे सहा आठवडे निळ्या, तांबड्या आणि मिश्र प्रकाशात ठेवले होते. निळ्या प्रकाशात सर्वाधिक तुकडे जगले, तर २५६ पीएआरच्या निव्वळ तांबड्या प्रकाशात तगलेल्यांचे प्रमाण कमी होते. न्यूट्रल व्हाइटमध्ये असतो तेवढा तांबडा प्रकाश रंग नैसर्गिक दिसण्यासाठी पुरतो, वेगळा घालू नका.

अधिक शक्तीचे एलईडी बसवून धारा वाढवण्याची तुमची कल्पना मला पसंत नाही. धारा दुप्पट केली की प्रकाश दुपटीपेक्षा कमी वाढतो आणि उष्णता दुपटीपेक्षा जास्त. आजचे एलईडी ७०० मिलीअँपिअरला तुमच्या जुन्यांपेक्षा अधिक प्रकाश देतात. तेवढ्यावर तुमची गरज भागेल.

ड्रायव्हरविषयी. जुन्यांची धारा मल्टिमीटर माळेत एकसर जोडून मोजा. चारही ७०० च्या जवळ आणि स्थिर असतील तर ते चालतील, पण त्यांतले बरेच ० ते १० व्होल्टच्या नियंत्रणावर अगदी शून्यापर्यंत मंद होत नाहीत, ठरावीक पातळीखाली एकदम विझतात. पहाट-संध्याकाळ हळूहळू उगवावी-मावळावी असे वाटत असेल आणि नव्या दिव्याची सवय प्रवाळांना बेताबेताने लावायची असेल, तर हा दोष महत्त्वाचा ठरतो. मी बदलाच्या बाजूने आहे. ४८ व्होल्टचा एकच वीजपुरवठा आणि प्रत्येक माळेला मीनवेलच्या एलडीडी-एच मालिकेसारखा छोटा, पीडब्ल्यूएमवर (धारा अतिशय वेगाने चालू-बंद करून) मंद होणारा ड्रायव्हर, ही रचना या छंदात चांगली रुळली आहे. १२ एलईडींची माळ साधारण ३८ ते ४० व्होल्ट घेते आणि ड्रायव्हरला स्वतःसाठी काही व्होल्ट शिल्लक लागतात, ते ४८ मध्ये सहज मिळतात. जांभळ्या एलईडींचे विभवांतर थोडे जास्त असू शकते, म्हणून त्या माळेची बेरीज उत्पादकाच्या तक्त्यावरून करून घ्या. एकूण भार ११० वॉटच्या आत असला तरी वीजपुरवठा १५० वॉटचा घ्या. कायम पूर्ण क्षमतेवर चालणारा पुरवठा लवकर थकतो.

हीटसिंक मात्र ठेवा. चांगला जाड ॲल्युमिनियम दहा वर्षांत खराब होत नाही आणि बहुतेक घरगुती दिव्यांतला तोच सर्वात टिकाऊ भाग असतो. फक्त एलईडींच्या जागा काळजीपूर्वक तयार करा. थर्मल गोंदाने चिकटवलेली चांदणीच्या आकाराची पट्टी ओढून काढू नका. पातळ पाते कडेखाली सरकवून हलके पिळले की गोंद कडेपासून सुटत येतो. उरलेला गोंद खरवडून, बारीक पॉलिश कागदाने जागा सपाट करा आणि नखाने चाचपून पाहा : नखाला अडणारा प्रत्येक उंचवटा म्हणजे पट्टीखाली अडकणारी हवा, आणि हवा उष्णता वाहून नेत नाही. पेस्टचा थर फक्त बारीक खळगे भरण्यापुरता असावा. पट्टी दाबल्यावर कडेने पेस्टचे वेटोळे बाहेर आले तर ती जास्त झाली. पट्टीवरच्या सोल्डरच्या बिंदूंवर आधी, म्हणजे पट्टी टेबलावर मोकळी असतानाच, कथिल चढवून घ्या. एकदा ती हीटसिंकवर बसली की तो सगळी उष्णता ओढून घेतो, सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीने कथिल वितळत नाही, आणि वरवर चिकटलेला थंड सांधा तयार होतो. पुढच्या वर्षीची लुकलुक तिथेच जन्म घेते. रुंद टोकाची, ६० वॉटच्या पुढची इस्त्री वापरा. स्क्रूने पट्टी आवळणार असाल तर स्क्रूखाली प्लॅस्टिकचा वॉशर घाला. सगळे झाल्यावर मल्टिमीटर सातत्य तपासणीवर ठेवून प्रत्येक बिंदू आणि हीटसिंक यांच्यात संपर्क नाही ना, हे एकेक करून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ४८ पैकी एकही वगळू नका.

पहिल्यांदा दिवा सर्वात कमी धारेवर लावा आणि तासाभराने हीटसिंकला हात लावा. पूर्ण धारेलाही हात काही सेकंद आरामात टेकवून ठेवता आला पाहिजे. चटकन मागे घ्यावा लागला तर हवा कमी पडते आहे. वीजपुरवठा टाकीच्या वर नव्हे, बाजूला आणि तुषारांपासून दूर ठेवा, हीटसिंक अर्थिंगला जोडा, तारेला प्लगच्या खाली येणारा झोळ द्या म्हणजे ओघळलेले पाणी तिथूनच गळून पडेल, आणि संपूर्ण टाकीचा पुरवठा ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमधून (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या. खारे पाणी आणि घरगुती वीज यांच्यामध्ये हे उपकरण नसेल, तर दिव्याचे काम थांबवून आधी ते बसवा. ही सूचना ऐच्छिक समजू नका.

शेवटचा भाग प्रवाळांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा आहे. नव्या दिव्याची तीव्रता टक्क्यांत ठरवू नका. जुन्या दिव्याच्या ५० टक्क्यांचा नव्याच्या ५० टक्क्यांशी काहीही संबंध नसतो. जुना दिवा काढण्याच्या दिवशी तुमच्या अ‍ॅक्रोपोराजवळ, समजा, ११० पीएआर भरले, तर नवा दिवा तिथे ९० ते १०० भरेल इतका मंद लावा. किंचित कमी अशासाठी, की नव्या दिव्यात शैवालाला वापरता येणाऱ्या निळ्याचा वाटा जास्त आहे. मग आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवत २०० च्या पुढे जा. यात दोन-अडीच महिने जातील, ते जाऊ द्या. प्रवाळाला प्रकाशाची टंचाई झाली की ते शैवाल वाढवून तपकिरी पडते आणि तशा अवस्थेत महिनोन्‌महिने तगते. पण कमी प्रकाशाला सरावलेल्या, शैवालाने गच्च भरलेल्या ऊतींवर एकदम तीव्र प्रकाश पडला, तर प्रकाशसंश्लेषणातून घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात, प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकते आणि काही दिवसांत पांढरे पडते. उपाशी प्रवाळ सावरते, भाजलेले पुष्कळदा सावरत नाही.

प्रकाश वाढू लागला की सांगाडा बांधण्याचा वेगही वाढतो आणि क्षारता (सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटांचे पाण्यातले माप, खारटपणा नव्हे) पूर्वीपेक्षा लवकर उतरते. त्या काळात ती दर दोन-तीन दिवसांनी मोजा. आणि तपकिरी रंगाचा सगळा दोष दिव्याला देण्याआधी नायट्रेट आणि फॉस्फेटही पाहा. ते चढलेले असतील तर उत्तम दिव्याखालीही अ‍ॅक्रोपोरा तपकिरीच राहील.

प्रश्न : मी जुन्या दिव्याचे पांढरे एलईडी काढून सगळे निळे आणि जांभळे लावले. टाकी काळोखी दिसू लागली म्हणून दिवा पूर्ण क्षमतेवर ठेवला. आठवडाभरात अ‍ॅक्रोपोराची वरची टोके फिकट पडली. पांढरे एलईडी नसल्यामुळे प्रकाश अपुरा पडतो आहे का?

उत्तर : अगदी उलट. टाकी तुमच्या डोळ्याला काळोखी आहे, प्रवाळाला ती पूर्वीपेक्षा खूपच उजळ झाली आहे. फिकटपणा वरून, म्हणजे दिव्याकडच्या बाजूने सुरू झाला आणि सावलीतल्या बाजूचा रंग टिकून आहे, हे अतिप्रकाशाचे लक्षण आहे. अपुऱ्या प्रकाशाने टोके अशी पांढरट होत नाहीत. आजच तीव्रता निम्म्यावर आणा आणि रोजचा मुख्य प्रकाशकाळ आठ तासांच्या आत ठेवा. दिवा पूर्ण बंद मात्र करू नका. उरलेल्या शैवालाला काम करू दिले तरच प्रवाळाला अन्न मिळेल. प्रवाळ उचलून टाकीच्या तळाशी नेण्याचीही घाई नको, कारण प्रवाह आणि प्रकाश दोन्ही एकदम बदलले तर त्रास वाढतो. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर असतील तर ते थोडे वर येऊ द्या. पोषक द्रव्ये नसलेल्या पाण्यात तीव्र प्रकाश प्रवाळाला अधिक जाचतो. ऊती सांगाड्यावरून सुटत नसतील तर रंग परत येतो, मात्र त्याला आठवडे, कधी महिने लागतात. चार-सहा न्यूट्रल व्हाइट पुन्हा लावा, ते तुमच्यासाठी. त्यामुळे डोळ्याला समाधान मिळेल आणि तीव्रता वाढवण्याचा मोह होणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे १.३ अँपिअरच्या एकाच जुन्या ड्रायव्हरवर दोन समांतर माळा आहेत. एके दिवशी एक माळ विझली, दुसरी एकदम लखलखीत झाली आणि काही वेळाने तीही गेली. असे का झाले?

उत्तर : स्थिर धारेच्या ड्रायव्हरला पुढे किती माळा आहेत हे कळत नाही; तो आपली १.३ अँपिअर धारा पाठवतच राहतो. दोन्ही माळा चालू असताना ती प्रत्येकी साडेसहाशे मिलीअँपिअर अशी साधारण निम्मी विभागली जात होती. एक सांधा तुटताच सगळी धारा दुसऱ्या माळेतून गेली. शिवाय समांतर माळांत विभागणी कधीच अगदी समान नसते : जी माळ जास्त तापते तिचे विभवांतर घटते, म्हणून ती आणखी धारा ओढते आणि आणखी तापते. प्रत्येक माळेत फ्यूज घालण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तो तात्पुरता बरा, पण साधा फ्यूज आपल्या मर्यादेच्या थोड्याशा वर बराच वेळ तग धरतो आणि तेवढ्यात एलईडी जातात. प्रत्येक माळेला स्वतंत्र ड्रायव्हर हाच खात्रीचा उपाय आहे. जळलेल्या माळेतले वरवर चांगले दिसणारे एलईडी पुन्हा वापरू नका.

प्रश्न : लेन्स हव्यात की नकोत?

उत्तर : दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि टाकी ५० सेंटिमीटरपर्यंत खोल असेल, तर माझे उत्तर नको असे आहे. बहुतेक एलईडी मुळात सुमारे १२० अंशांत प्रकाश फेकतात; तो पसरट राहिला तर प्रवाळाच्या फांद्यांच्या खालच्या बाजूंनाही पोहोचतो आणि निळ्या-पांढऱ्या रंगांचे वेगवेगळे ठिपके वाळूवर नाचत नाहीत. कडेने निसटणारा प्रकाश वाया जातो हे खरे, पण पाण्यात शिरलेला बराचसा प्रकाश काचेच्या भिंतीवरून परावर्तित होऊन आतच राहतो. खोल टाकीला किंवा उंच टांगलेल्या दिव्याला ८० ते ९० अंशांच्या लेन्स ठीक. ४० अंशांच्या लेन्स काढून टाका; त्यांच्याखाली मध्यभागी ४०० आणि हातभर अंतरावर ८० अशी मापे मिळतात, आणि अशा टाकीत प्रवाळ कुठे ठेवावे हेच कळेनासे होते.

प्रश्न : एलडीडी-एच ड्रायव्हर मायक्रोकंट्रोलरला जोडले आहेत. वीज जाऊन आली की सगळे एलईडी क्षणभर पूर्ण तेजाने पेटतात. यात धोका आहे का?

उत्तर : क्षणभराने प्रवाळाला काही होत नाही, पण त्याचे कारण दूर करायलाच हवे. या ड्रायव्हरच्या मंद करण्याच्या पिनेला काहीच संदेश मिळाला नाही, तर तो पूर्ण तेजाने चालतो. पिन मोकळी म्हणजे दिवा चालू, अशीच त्याची रचना आहे. कंट्रोलर सुरू होईपर्यंत त्याच्या पिना मोकळ्या असतात, म्हणून झोत येतो. उद्या कंट्रोलर बिघडला किंवा ती तार सुटली, तर हाच झोत दिवसभर राहील, आणि खरा धोका तो आहे. प्रत्येक ड्रायव्हरच्या त्या पिनेपासून ऋण टोकाकडे एक रोधक जोडा, म्हणजे संदेश नसताना पिन खाली ओढलेली राहील. रोधकाची किंमत ठरवताना अंदाज करू नका : कंट्रोलरची तार काढून टाका, मल्टिमीटरने पिनेवरचे विभवांतर पाहा, आणि ते ड्रायव्हरच्या तक्त्यात दिलेल्या बंद पातळीच्या खाली येईपर्यंत लहान रोधक लावून बघा. तार सुटलेली असताना दिवा पूर्ण विझलेला राहिला, की मगच दिवा टाकीवर चढवा.